काळ्या वेषातले हेडमास्तर

मागल्या वर्षी पावसाळा संपल्यावर आपल्या महाविद्यालयात आंतरवर्गीय फुटबॉल सामने झाले. माझा घोटा मुरगळलेला होता, त्यामुळे खेळण्याऐवजी माझ्या हाती काठीला बांधलेले एक पिवळे निशाण आले. चेंडू रेषेबाहेर गेला की निशाण वर करायचे आणि रेफ्रीच्या नजरेआड काही घडले तर तेही निशाण हलवून कळवायचे, एवढे सरांनी समजावून सांगितले. काम सोपे होते. निदान उत्तरार्धापर्यंत मला ते सोपे वाटत होते.

उत्तरार्धात आमच्याच वर्गाच्या एका बचावपटूने वरच्या वर्गातल्या एका मुलाला पाय घातला. चेंडू काढण्यासाठी घातलेला तो पाय नव्हता. चेंडू केव्हाच पुढे गेला होता. बुटाचा तळ समोर धरून तो पाय चेंडूच्या जागेवरून वर आला आणि थेट नडगीवर बसला. मी चार पावलांवर उभा होतो. मला आवाजसुद्धा ऐकू आला. रेफ्री मैदानाच्या पलीकडच्या अंगाला होते आणि मध्ये पाच-सहा खेळाडू होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. निशाण माझ्या मांडीला टेकलेले होते, ते तसेच राहिले. आम्ही एका गोलने पुढे होतो. रेफ्रींनी थ्रो दिला आणि खेळ पुढे सुरू झाला. पडलेला मुलगा उठत नाही हे ध्यानात आल्यावर मग सगळे धावले. त्याला रिक्षात घालून नेले. संध्याकाळी सरांनी विचारले, तेव्हा मला नीट दिसले नाही असे मी सांगितले.

हा लेख माझ्यावर नाही. परंतु एवढे सांगितल्यावाचून, ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांच्याकडे मी कसा वळलो हे कळणार नाही. सामन्यानंतर ते निशाण चुकून माझ्याच खोलीवर राहिले. दाराच्या कोपऱ्यात उभे असे आणि येता-जाता दिसे. हे पिवळेच का असते, असा एक साधा प्रश्न मला एके दिवशी पडला. त्याचे उत्तर शोधताना केनेथ जॉर्ज ॲस्टन हे नाव सापडले, आणि मग त्या नावाने माझे पुढचे दोन-तीन महिने व्यापून टाकले. फुटबॉल पाहणाऱ्या कोणालाही लाल आणि पिवळे कार्ड ठाऊक असते. ती कार्डे ज्यांच्या डोक्यातून निघाली ते हे गृहस्थ. निशाण मात्र कार्डांच्याही आधीचे.

१ सप्टेंबर १९१५ रोजी इंग्लंडातल्या कोलचेस्टर या गावी त्यांचा जन्म झाला. एक्सेटरच्या सेंट ल्यूक्स महाविद्यालयात शिकून ते शिक्षक झाले आणि १९३६ साली फुटबॉलच्या पंचाची परीक्षा उत्तीर्ण झाले. थोर खेळाडूंच्या चरित्रांत जे हटकून भेटते ते येथे काही नाही. चिंध्यांचा चेंडू नाही, अनवाणी पाय नाहीत, गल्लीत हेरणारा कोणी जाणकार नाही. खेळाडू म्हणून ॲस्टन यांची कोणाला आठवण नाही. ते मास्तर होते आणि शिट्टी वाजवीत.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा विमानदलाने त्यांना घोट्याच्या दुखापतीमुळे नाकारले. (घोट्याचा उल्लेख वाचून मला उगाच आपलेपणा वाटला.) मग ते तोफखान्यात गेले आणि तेथून त्या वेळच्या ब्रिटिश हिंदी सैन्यात. लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत ते चढले. युद्ध संपल्यावर सिंगापूरच्या चांगी येथे युद्धगुन्ह्यांचा न्याय करण्यासाठी जे न्यायासन बसले, त्याच्या सभासदांत ॲस्टन होते. या एका गोष्टीपाशी मी फार वेळ थांबलो. न्यायासनापुढे साक्षीदार येतात, कागद येतात, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेता येते. निकाल द्यायला अवधी असतो. तोच माणूस मायदेशी परतून पुन्हा मैदानावर उतरला, की त्याला एका श्वासात निकाल द्यायचा आणि साक्षीदार म्हणून रेषेवरची दोन माणसे एवढीच काय ती मदत.

१९४६ साली ते परतले. तोवर पंच कोट घालून मैदानात उतरत. पांढऱ्या किनारीचा काळा गणवेष इंग्लिश लीगच्या पंचांपैकी पहिल्यांदा ॲस्टन यांनी घातला आणि पुढे कित्येक वर्षे जगभर पंच म्हणजे काळा वेष असे समीकरण झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी निशाणाला हात घातला. लाइन्समनच्या हातात तेव्हा यजमान संघाच्या रंगाचे निशाण असे. संघाचा रंग गर्द असला, वर इंग्लंडातली धुकट हिवाळी दुपार, की ते निशाण वर झाले काय अन् खाली राहिले काय, मैदानाच्या मध्यावरून कळणे कठीण. शिवाय ते एका संघाचे रंग ल्यालेले, हे मला विशेष वाटते. ॲस्टन यांनी भडक पिवळी निशाणे आणली. ती कोणत्याही संघाची नव्हती आणि धुक्यातही दिसत. माझ्या खोलीच्या कोपऱ्यातल्या काठीचा पूर्वज तो.

१९५३ मध्ये ते लंडनजवळच्या इल्फर्ड भागातील न्यूबरी पार्क प्राथमिक शाळेचे हेडमास्तर झाले. आठवडाभर लहान मुलांची शाळा चालवायची आणि शनिवारी हजारो लोकांच्या आरड्याओरड्यात बावीस मोठ्या मुलांना आवरायचे, असा त्यांचा क्रम. त्या काळी पंच हा पोटाचा धंदा नव्हता. पुढच्या काही वर्षांत त्यांचे नाव इंग्लंडाबाहेरही झाले. १९६० साली रिआल माद्रिद आणि उरुग्वेचा पेन्यारोल यांच्यात युरोप व दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या संघांमधील पहिली लढत झाली, तिच्या माद्रिदमधील सामन्याला तेच पंच होते. म्हणून १९६२ साली चिलीत विश्वचषक भरला तेव्हा उद्घाटनाचा चिली-स्वित्झर्लंड सामना त्यांच्याकडे आला. तो नीट पार पडला. तीन दिवसांनी, २ जून १९६२ रोजी, सँटियागोच्या त्याच राष्ट्रीय मैदानावर चिली आणि इटली समोरासमोर आले.

या सामन्याचे चित्रण आज कोणालाही पाहता येते. मी ते वसतिगृहात मोबाइलवर तीनदा पाहिले. पाहणाऱ्याला आधी पार्श्वभूमी ठाऊक हवी. दोनच वर्षांपूर्वी, मे १९६० मध्ये, चिलीत भीषण भूकंप झाला होता. आजवर यंत्रांनी नोंदलेल्या भूकंपांत तो सर्वांत मोठा. त्या पडझडीतून उठून या गरीब देशाने विश्वचषक भरवला. अशा वेळी इटलीच्या दोन वार्ताहरांनी सँटियागोची गरिबी आणि घाण यांची वर्णने आपल्या वृत्तपत्रांना धाडली. ती चिलीत छापून आली आणि देश पेटला. त्यातच इटलीच्या संघात मूळचे दक्षिण अमेरिकेचे खेळाडू होते. अर्जेंटिनात जन्मलेला मास्किओ हा त्यांपैकी एक. घरचे अन्न सोडून परक्याच्या पंगतीला बसलेली माणसे, अशा नजरेने तिकडचे प्रेक्षक त्यांच्याकडे पाहत. मैदानात साठ हजारांहून अधिक लोक होते आणि मध्ये काळ्या वेषातले ते उंच हेडमास्तर.

पहिला फाउल पहिल्या मिनिटातच झाला. आठव्या मिनिटाला इटलीच्या जॉर्जो फेरिनीने चिलीच्या लांडाला लाथ मारली. ॲस्टन यांनी त्याला बाहेर जायला सांगितले. फेरिनी जाईना. ॲस्टन बोलत इंग्रजी आणि फेरिनीला येत होती इटालियन. हात बाहेरच्या दिशेने दाखवला तरी तो हलेना. इटलीचे बाकीचे खेळाडू पंचांभोवती गोळा झाले, छायाचित्रकार आत घुसले, आणि सरतेशेवटी पोलिसांनी फेरिनीला धरून बाहेर नेले. एका खेळाडूला बाहेर काढायला कितीतरी मिनिटे गेली.

त्यानंतर जे झाले त्याला खेळ म्हणवत नाही. डाव्या बगलेला कोपऱ्याच्या बाजूस चिलीचा लिओनेल सांचेस चेंडू पायांत धरून पडला असताना इटलीचा मारिओ दाविद त्याला लाथांवर लाथा मारीत सुटला. सांचेसचा बाप मुष्टियोद्धा होता. सांचेस उठला आणि डाव्या हाताचा एक ठोसा त्याने दाविदच्या तोंडावर मारला. हे घडले ते रेषेला लागून, लाइन्समनच्या अगदी पुढ्यात. ॲस्टन पाठीमागून धावत आले. सांचेसला त्यांनी बाहेर काढले नाही. दोन्ही वेळा, म्हणजे लाथांबद्दल आणि ठोशाबद्दल, कोणीच बाहेर गेले नाही. मग काही वेळाने दाविदने हिशेब चुकता केला. चेंडूसाठी उडी घेतल्याच्या मिषाने त्याने सांचेसच्या मानेवर लाथ मारली. या वेळी ॲस्टन यांनी दाविदला बाहेर काढले. तो ४१वा मिनिट होता. याच सामन्यात सांचेसच्या दुसऱ्या एका ठोशाने मास्किओचे नाक मोडले. त्याबद्दलही सांचेसला काही झाले नाही. पोलीस पुन्हा पुन्हा आत येत राहिले. नऊ जणांचा इटली ७३व्या मिनिटापर्यंत तगला, मग रामिरेसने आणि शेवटी तोरोने गोल केला. चिली २-० ने जिंकली. इटली पहिल्याच फेरीत परतली. चिलीने तिसरा क्रमांक मिळवला आणि सांचेस त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या सहा जणांत गणला गेला. ही धुमश्चक्री सँटियागोची लढाई या नावाने ओळखली जाते.

मी ॲस्टन यांचा भक्त होऊन लिहीत नाही. इटलीचे दोघे गेले, चिलीचा एकही गेला नाही, हा हिशेब त्यांच्या नावावरून पुसता येणार नाही. घरच्या प्रेक्षकांचे दडपण त्यांच्यावर आले का? आलेच असणार असे मला वाटते, दगडाचा माणूसच त्यातून सुटेल. पण दुसरी बाजूही आहे. सामना अर्ध्यावर थांबवावा असे त्यांच्या मनात आले होते. तसे केले तर इटलीच्या खेळाडूंच्या जिवाची शाश्वती आपल्याला देता येणार नाही, या भयाने त्यांनी तो पुढे रेटला, असे त्यांनी नंतर सांगितले. आणि माझ्या डोळ्यांसमोर राहून राहून येतो तो रेषेवरचा माणूस. ठोसा पडला तेव्हा तो होता, ॲस्टन तेथवर पोहोचायचे होते. जो पाहतो त्याच्या हाती शिट्टी नाही आणि ज्याच्या हाती शिट्टी आहे त्याने पाहिलेले नाही, असा हा पेच. पिवळे निशाण शोधून काढणाऱ्या माणसाला तो सोडवता आला नाही. निशाण पिवळे असले तरी कोणीतरी ते वर करावे लागते.

त्या स्पर्धेत ॲस्टन पुन्हा मैदानावर उतरले नाहीत. पायाची शीर दुखावली होती. पुढल्या वर्षी, १९६३ मध्ये, इंग्लंडातल्या एफ. ए. कपाचा अंतिम सामना त्यांना मिळाला. मँचेस्टर युनायटेडने लेस्टर सिटीला ३-१ ने हरवले. इंग्लिश पंचाच्या आयुष्यातला तो परमोच्च मान. त्यानंतर त्यांनी शिट्टी ठेवली. एखाद्याने निवृत्तीनंतर गुलाबाची बाग केली असती. ॲस्टन १९६६ च्या विश्वचषकात सगळ्या पंचांचे प्रमुख झाले.

१९६६ ची स्पर्धा इंग्लंडात झाली आणि धसमुसळ्या खेळासाठी ती कुप्रसिद्ध आहे. पेलेचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. पहिल्याच सामन्यात बल्गेरियाच्या बचावपटूंनी त्याला लाथाडून काढले, पुढच्या सामन्यात तो खेळू शकला नाही. १९ जुलैला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर पोर्तुगालविरुद्ध तो परतला. मोराइस नावाच्या खेळाडूने एकाच चालीत त्याला दोनदा पाय घातला. पहिल्या वेळी तोल गेला, सावरून तो पुढे निघाला तोच दुसरा. पंचांनी मोराइसला मैदानातच ठेवले. बदली खेळाडूंची मुभा तेव्हा नव्हती, म्हणून जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू एका पायावर लंगडत कडेला फिरत राहिला. ब्राझील ३-१ ने हरून घरी गेला. अशा पायाने काय होते हे थोडक्यात सांगतो, कारण आमच्याकडे अजूनही याला मर्दानी खेळ म्हणणारे आहेत. पळणाऱ्याच्या बुटाचे खिळे जमिनीत रुतलेले असतात. अंगाचा सगळा भार त्या एका पायावर असतो. नडगीचे हाड पुढल्या बाजूला कातडीच्या लगेच खाली, वर मांसाची गादी नाही. धक्का आला की पायाला मागे सरकता येत नाही, मग हाड किंवा गुडघा, दोहोंतले एक काहीतरी जाते. पाय घालणाऱ्याला हे सगळे ठाऊक असते.

चारच दिवसांनी, २३ जुलैला, वेम्ब्ली येथे इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा उपांत्यपूर्व सामना होता. पंच पश्चिम जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन, व्यवसायाने शिंपी, अंगाने छोटेखानी. फाउल सतत होत होते आणि क्राइटलाइन वहीत नावे लिहीत होते. ताकीद द्यायची म्हणजे तेव्हा खेळाडूला जवळ बोलावून तोंडी सांगायचे आणि नाव टिपायचे. अर्जेंटिनाचा उंचाडा कप्तान रात्तिन त्यांच्यामागे लागून प्रत्येक निकालावर वाद घालीत होता. ३५व्या मिनिटाला क्राइटलाइननी त्यालाच बाहेर काढले. क्राइटलाइनना स्पॅनिश येत नव्हते, रात्तिनला जर्मन येत नव्हते. मला दुभाषी द्या, असे तो खुणांनी सांगत राहिला. बाहेर तर जाईना. खेळ थांबला. ॲस्टन कडेवरून मैदानात गेले आणि त्याची समजूत घालू लागले. चार वर्षांपूर्वीचा फेरिनी त्यांना त्या वेळी आठवला नसेल तर नवल. काही मिनिटांनी रात्तिन गेला, सावकाश, मैदानाला वळसा घालून. इंग्लंडने १-० ने सामना जिंकला.

गोष्ट येथेच संपली नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत आले की इंग्लंडच्या बॉबी आणि जॅक या चार्लटन बंधूंनाही त्या सामन्यात ताकीद मिळाली होती. खुद्द त्यांना याचा पत्ता नव्हता. इंग्लंडच्या गोटातून विचारणा करावी लागली. म्हणजे शिक्षा झाली ती शिक्षा झालेल्यालाच कळली नाही, मग प्रेक्षकांना कुठून कळणार?

वेम्ब्लीहून मोटारीने परत येताना ॲस्टन हेच घोळवीत होते. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर वाहतुकीचा दिवा पिवळा झाला, मग लाल झाला. पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. त्याला भाषा लागत नव्हती आणि दुभाषीही लागत नव्हता. घरी जाऊन त्यांनी पत्नी हिल्डा यांना ही कल्पना सांगितली, आणि त्या माउलीने आतल्या खोलीत जाऊन रंगीत कागदाचे, सदऱ्याच्या खिशात मावतील असे दोन तुकडे कापून आणले, अशी हकिकत सांगितली जाते. न्यूटनच्या सफरचंदाप्रमाणे असल्या गोष्टींना नंतर थोडी झिलई चढत असेलही. पण मला यात त्या दिव्यापेक्षा हेडमास्तर अधिक दिसतो. प्राथमिक शाळेत ज्याने उमेदीची वर्षे घालवली त्याला हे पक्के माहीत असते की लांबलचक समज देऊन पोराला काही कळत नाही, रंगीत कागद दाखवला की लगेच कळते. सँटियागोत जी फजिती झाली ती त्यांनी विसरून टाकली नाही, तिला हाताशी धरून बसले. आपले चुकले कोठे, हे चार वर्षे मनात वागवणे प्रत्येकाला जमत नाही. मला एक वर्षदेखील जड गेले.

१९७० चा मेक्सिकोतील विश्वचषक हा कार्डांचा पहिला. ३१ मे रोजी मेक्सिको आणि सोव्हिएट संघ यांच्यातल्या पहिल्याच सामन्यात पिवळे कार्ड वर झाले. लाल कार्ड त्या संबंध स्पर्धेत एकदाही निघाले नाही, आणि ती स्पर्धा आजही अनेकांना सर्वांत सुंदर वाटते. त्याच स्पर्धेपासून विश्वचषकात बदली खेळाडूही मिळू लागले, म्हणजे पेलेसारखे लंगडत राहण्याची पाळी संपली. विश्वचषकातले पहिले लाल कार्ड १४ जून १९७४ रोजी बर्लिनमध्ये निघाले. तुर्कस्तानचे पंच बाबाजान यांनी ते काढले आणि ज्याला दाखवले तो कार्लोस कास्सेली चिलीचा होता. सँटियागोत चिलीचा एकही खेळाडू बाहेर गेला नव्हता, हे मी वर सांगितलेच आहे. नियतीला विनोदबुद्धी असते.

पण ज्या देशाच्या माणसाने ही युक्ती काढली त्याच देशाने ती घ्यायला सर्वांत अधिक नाके मुरडली. इंग्लिश लीगमध्ये कार्डे १९७६ साली आली, १९८१ मध्ये ती फारच सढळ हाताने निघतात म्हणून बंद झाली आणि १९८७ मध्ये पुन्हा आली. पिकते तेथे विकत नाही म्हणतात ते असे.

ॲस्टन यांनी दुसऱ्याही बऱ्याच गोष्टी लावून दिल्या. राखीव पंच नेमण्याची पद्धत त्यांचीच, आणि कोण बाहेर जातो व कोण आत येतो हे दाखवणारी आकड्यांची पाटीही त्यांचीच. सगळीकडे सूत्र एक, जे घडते आहे ते सर्वांना दिसले पाहिजे. यात एक उणीव राहते, तीही सांगितली पाहिजे. पंचाने ठरवले काय हे कार्ड दाखवते. पंचाने पाहिले काय यावर त्याचा इलाज नाही. ८ जुलै १९८२ रोजी सेव्हिलमध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्या उपांत्य सामन्यात जर्मन गोलरक्षक शूमाखर धावत येऊन फ्रान्सच्या बातिस्तोंवर आदळला. बातिस्तों बेशुद्ध पडला, त्याचे दात पडले, त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. हॉलंडच्या पंचांच्या खिशात दोन्ही कार्डे होती. त्यांनी गोल-किक दिली. साधा फाउलसुद्धा नाही. हा प्रसंग मला सँटियागोहून अधिक अस्वस्थ करतो, कारण येथे भाषेची अडचण नव्हती, पोलीस नव्हते. एवढेच की ज्याला दिसायला हवे होते त्याला दिसले नाही.

नियम पुढे कडक होत गेले. समोरच्याच्या अंगाला धोका होईल असा पाठीमागून घातलेला पाय १९९८ पासून सरळ लाल कार्डाचा अपराध ठरला. आजच्या नियमांत तीन पायऱ्या आहेत. नुसता निष्काळजीपणा असेल तर फक्त फ्री-किक. दुसऱ्याला इजा होईल याची पर्वा न करता पाय घातला तर पिवळे. गरजेहून जास्त जोर लावून दुसऱ्याला धोक्यात घातले तर लाल. चेंडूला स्पर्श झाला होता ही सबब तिसऱ्या पायरीवर चालत नाही. २०१८ च्या विश्वचषकापासून पडद्यावर पुन्हा पाहून निकाल बदलण्याचीही सोय झाली. सांचेसचा ठोसा आज चार कॅमेऱ्यांतून दिसला असता. आमच्या मैदानावर अर्थात अजून मीच.

अखेरच्या वर्षांत ॲस्टन अमेरिकेत जाऊन मुलांच्या फुटबॉलसाठी पंच तयार करीत. आईबाप, शिक्षक, दुकानदार अशी हौशी मंडळी त्यांच्या वर्गाला बसत. ज्यांनी जगातली सर्वांत ओंगळ मारामारी जवळून पाहिली ते सत्तरी उलटल्यावर आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या सामन्यांचे पंच घडवत होते, म्हणजे फिरून शाळेतच आले. १९९७ साली ब्रिटिश सरकारने त्यांना एम. बी. ई. हा किताब दिला. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ते वारले. वय ८६ होते. जाता जाता फेरिनीविषयी एक वाक्य. तो नुसता लाथा मारणारा गुंड नव्हता. तोरिनो संघाचा तो पुढे वर्षानुवर्षे कप्तान होता, १९६८ साली युरोपचे अजिंक्यपद जिंकणाऱ्या इटलीच्या संघातही होता, आणि १९७६ मध्ये अवघ्या ३७व्या वर्षी गेला. चांगली माणसेही असा पाय घालतात.

आमच्या वर्गाच्या ज्या मुलाने पाय घातला तोही चांगलाच आहे. त्याने दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन माफी मागितली. मी गेलो नाही. ज्याचे हाड मोडले त्याला त्या वर्षी विद्यापीठाच्या संघनिवडीला जायचे होते. ते राहिले. प्लॅस्टर निघायला थंडी संपली. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या गावी, त्याच्या घरी गेलो. या लेखाचा कच्चा खर्डा जवळ होता, पण तो दाखवण्याआधीच मी जे सांगायचे ते सांगून टाकले. त्याला ते ठाऊक होते. खाली पडल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्या निशाणाकडेच पाहिले होते, असे तो म्हणाला. रागाने नाही, नुसते सांगितले. मग त्याच्या आईने चहा आणि फराळाचे आणून ठेवले आणि आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. नंतर त्याने खर्डा मागून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. नाक मोडल्यावर मास्किओ पुढे खेळला का, एवढेच त्याने विचारले. खेळला, मी म्हणालो, बदली खेळाडू नव्हतेच.

सुट्टी संपल्यावर मी सरांनाही भेटलो. त्यांनी ऐकून घेतले. निशाण परत आणलेस का, असे विचारले. मी ते बरोबर नेले होते. त्यांनी ते उलगडून पाहिले, धुऊन आण म्हणाले, आणि सामन्यांच्या वेळापत्रकावर पहिल्या सामन्यापुढे रेषेवरचा माणूस म्हणून माझेच नाव लिहिले. सामना आमच्याच वर्गाचा होता.